मिरची यायच्या आधीचं जेवण

डिचोली
२२ जून २०२५

चिरंजीव सुदेश,

आशीर्वाद. हे घ्यायला उत्तर लिहावं लागत नाही, तेव्हा निःसंकोच घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं प्राजक्ता विचारेल. तू विचारणार नाहीस. फोनवर तू 'हां, हां' म्हणतोस आणि मग बंदरात कुठलातरी भोंगा वाजतो. पत्राला भोंगा नसतो. शिवाय डिचोलीचं पत्र वास्कोला पोचायला इतके दिवस लागतात की तू परदेशात आहेस असं वाटू लागतं. परदेशातला भाऊ घरी येत नाही हे लोकांना सांगता येतं. दोन बसगाड्या बदलून येण्याच्या अंतरावरचा भाऊ येत नाही, हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बातमी वाईट आहे. शेजारचे गोकुळदास गेले. फार त्रास झाला नाही. सुविधावहिनी अजून सकाळी दोन कप चहा ओतते आणि मग एक परत पातेल्यात घालते, हे मी खिडकीतून पाहते आणि न पाहिल्यासारखं करते.

ही बातमी आपल्या घराची कशी, ते तुझ्या लक्षात आलं असेल. आई गेल्यापासून दर अविधवा नवमीला तिच्या पानावर सुविधावहिनीच बसत आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा म्हाळ त्या दिवशी घालायचा आणि तिच्या जागी सवाष्ण जेवू घालायची, ही आपली रीत. आता सुविधावहिनीला बसता येणार नाही. मला तर कधीच येणार नव्हतं. जी पात्रता मिळवायचा मी आयुष्यभर कंटाळा केला, तिची गरज अशा ठिकाणी पडेल असं वाटलं नव्हतं.

बाबांना मी विचारलं, यंदा कुणाला बोलवायचं? तर म्हणाले, "यंदा म्हाळ नाका. सवाशीण ना."

"डिचोलीत सवाष्णींचा दुष्काळ पडलाय का?"

"आयल्यागेल्याक वत्सलेच्या पानार बसोवचें?" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून निजले. हल्ली वाद संपवायची ही त्यांची पद्धत आहे.

आणि हा दिवसही कायमचा नसतो, सुदेश. नवरा आहे तोवरच ही नवमी. तो गेला की तिचा वेगळा दिवस संपला, ती बाकीच्या पितरांच्या गर्दीत जाऊन बसते. म्हणजे आईचा दिवस बाबांच्या श्वासावर चालू आहे, आणि बाबांचा श्वास अलीकडे तुळशीपर्यंत जाऊन येतानाही मोजता येतो. हातातल्या नवम्या अशा वाया घालवण्याइतक्या नाहीत.

त्या पहिल्या नवमीला दारात काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही. तूही होतास, मीही होते. खाणीच्या ऑफिसात रोज सकाळी ट्रकवाल्यांची हजेरी घेणाऱ्या माणसाला त्याच हजेरीतल्या सखारामाचा व्याही होणं जमलं नाही. "जागा भरली" म्हणाले, आणि तू प्राजक्ताला घेऊन पायरीवरूनच फिरलास.

मी काही सुचवत नाही. नुसती बातमी कळवते. बाकी, प्राजक्ता सवाष्ण आहे असं माझ्या ऐकिवात आहे.

तुझी
ताई


डिचोली
१३ जुलै २०२५

चिरंजीव सुदेश,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे आपला पत्रव्यवहार सुरळीत चालू आहे.

मला नोकरी लागली आहे. शाळेची आहेच, ही वरची. मांद्र्याला समुद्राच्या अलीकडे एक मोठं हॉटेल उघडतंय. हॉटेल म्हटलं की मालकीणबाईंना वाईट वाटतं, रेस्टॉरंट म्हणायचं. नाव 'प्राशन'. मी सांगून पाहिलं की आपल्याकडे हा शब्द बहुतेक वेळा विषासाठी वापरतात. ती म्हणाली, "मॅडम, आमचे गेस्ट बाहेरचे असतात." बाहेरच्यांना काय प्राशन करावं लागेल त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

ही मालकीण आणि स्वयंपाकीण एकच, नाव सेजल. भावनगरची, चाळिशीच्या अलीकडची, केस मुलांसारखे कापलेले, हाताला भाजल्याचे डाग. डाग पाहून मला ती आवडली. तिला पाचशे वर्षांपूर्वीचं जेवण वाढायचं आहे. कुठून तरी एका जुन्या संस्कृत पाकग्रंथाच्या हस्तलिखिताच्या झेरॉक्स तिनं आणल्या आणि पणजीत विचारत सुटली की हे वाचणारं कोण आहे. डिचोलीत एक बाई शिल्लक आहे, असं तिला कळलं. शनिवारी तिची गाडी मला न्यायला येते. आळीतल्या लोकांना वाटतं माझं शेवटी कुठेतरी जमलं.

तिचा नियम एकच. जहाजातून आलेलं काही घालायचं नाही. पोर्तुगीज यायच्या आधी इथे जे होतं तेच. म्हणजे मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. काजूसुद्धा नाही! पेडण्यात बसून काजू नाही म्हणायला धाडस लागतं. तिखटाला मिरी आणि आलं, आंबटाला चिंच आणि सोलं. मी श्लोक वाचते, अर्थ सांगते, ती वहीत न लिहिता सरळ चुलीकडे पळते. आतापर्यंत माषवटक झाले, कारवेल्लक झालं, पायस झालं. सूरणकंद तर तिनं असा केला की सूरणालाही आपण सूरण असल्याचा विसर पडावा.

मिरचीवाचून जेवण म्हटल्यावर मला आई आठवणार, हे ओघानंच आलं. तिला मिरचीशिवाय घास उतरत नसे. भात, आमटी, काहीही असो, ताटाच्या कडेला हिरवी मिरची, ती मोडायची, मिठाला लावायची आणि मग जेवणाला बसल्यासारखं करायची. परसातलं ते झाड अजून आहे. कुणी खात नाही, तरी लागतच असतं.

आईवरून आठवलं. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे वास्कोला यायची ना शेवटच्या वर्षात? पणजी-म्हापशातले डोळ्यांचे सगळे डॉक्टर संपल्यासारखी. बाबा अजून म्हणतात, वत्सलेचे डोळे फार बिघडले होते. मी हो म्हणते.

ताई


डिचोली
१० ऑगस्ट २०२५

चिरंजीव सुदेश,

काल सेजलनं पूर्ण जेवण ठरवलं आणि मला यादी वाचायला दिली. छापील, जाड कागदावर, वर सोनेरी मोर. संस्कृत नावं माझीच, त्यामुळे मीच खूष होऊन वाचत होते. आणि अर्ध्यावर मला हसू फुटलं. ते आवरायला मी खोकले. तिनं पाणी आणून दिलं.

अरे, अळू, कारलं, तवशाची कोशिंबीर, सूरण, उडदाचे वडे, तांदळाची खीर. मिऱ्याची फोडणी. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. नावं काढून टाक आणि सांग हे कसलं जेवण आहे. आपल्या घरी दर भाद्रपदात होतं तेच! म्हाळाचं! पितर पोर्तुगीजांच्या आधी गेलेले, त्यांना ही नवीन फळं-भाज्या ओळखीची नाहीत, म्हणून आपण त्यांच्या पानावर ती वाढत नाही. सेजल पाच शतकं मागे जायला भावनगराहून निघाली आणि थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचली.

मी तिला सांगितलं नाही. एकतर इतक्या मेहनतीनंतर 'हे तुझं जेवण इथे मेलेल्यांना वाढतात' हे वाक्य मराठीत, हिंदीत किंवा संस्कृतात कसंही म्हटलं तरी वाईट लागतं. दुसरं कारण तुला आत्ता सांगत नाही.

पाच सप्टेंबरला ती ठरावीक लोकांना बोलावून दुपारी हे जेवण वाढून पाहणार आहे. मला म्हणाली, घरच्यांना घेऊन या. माझ्या घरचे म्हणजे बाबा. मी त्यांना विचारलं.

"हॉटेलात जेवूक? आनी घरा कित्याक चूल पेटयल्या?"

"माझं काम आहे ते, बाबा. मी केलेलं तुम्ही कधी पाहायचं?"

हे मी जरा रडव्या आवाजात म्हटलं. शाळेत नाटकं बसवल्याचा उपयोग होतो.

येतो म्हणाले. नवं धोतर काढून ठेवलंय. म्हाळाबद्दल मात्र अजून तेच, यंदा नाका.

ताई


डिचोली
७ सप्टेंबर २०२५

चिरंजीव सुदेश,

हे पत्र लांबणार. भोंगा वाजला तर वाजू दे, मग पुढे वाच.

परवा आम्ही मांद्र्याला जाऊन आलो. सेजलनं गाडी पाठवली होती. बाबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, तोही पेडण्याचाच होता, त्यानं सहन केलं.

आत गारवा, काळ्या दगडाची टेबलं, त्यांवर केळीचं पान गोल कापून ठेवलेलं. पान गोल का कापायचं ते मी विचारलं नाही. शेजारच्या टेबलावर पणजीहून आलेलं एक जोडपं, पलीकडे दोन-चार पाहुणे, सगळे हळू बोलणारे. बाबांना ऐकू कमी येतं हे तुला माहीत आहे, म्हणजे ते स्वतः किती मोठ्यानं बोलतात हेही माहीत आहे.

वाढप सुरू झालं. एक मुलगा प्रत्येक पदार्थाला त्याचं संस्कृत नाव सांगत होता, माझ्याहून बरं उच्चारत होता. बाबा पानाकडे पाहत होते. डावीकडे कोशिंबीर आली. अळू आलं. कारलं आलं. वडे आले. खिरीवर चांदीचा वर्ख. शेवटी त्या मुलानं टेबलाच्या कडेला एक लहानसं पान ठेवलं, त्यावर सगळ्यातलं थोडं थोडं. ही सेजलची कल्पना, 'पूर्वजांना नमन' म्हणून. कुणाला खायला नाही, नुसतं ठेवायचं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भागे," ते म्हणाले, आणि सगळं 'प्राशन' ऐकू लागलं, "कोणाचो म्हाळ आज?"

मुलगा म्हणाला, "सर, हा आमचा मेमरी कोर्स आहे."

"पान हांगा कित्याक दवरलां? कावळ्याक भायर दवरूंक जाय." आणि ते छोटं पान उचलून बाबा उठले, काठी विसरून, तडक गच्चीकडे. मागे तो मुलगा, त्याच्या मागे मी. बाबांनी कठड्यावर पान ठेवलं. मांद्र्याचे कावळे पर्यटकांच्या बटाट्यांवर वाढलेले, त्यांना पितरांची काय ओळख, पण तीन आले आणि वर्खासकट खाऊन गेले. बाबांचा चेहरा एकदम निवळला.

तोवर सेजल बाहेर आली होती, पांढऱ्या कोटात, घाबरलेली. "काका, काही चुकलं का?"

"चुकूंक ना गो बाय. सगळें बरोबर केलां. कोणें शिकयलें?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तू कैऱ्या चोरायचास आणि चाकू माझ्या हातात सापडायचा, तेव्हा पाहायचे तसं.

"बरोबर केलां," ते पुन्हा म्हणाले, "पूण सवाशीण खंय?"

मग मला सेजलला सगळं सांगावं लागलं. म्हाळ म्हणजे काय, सवाष्ण म्हणजे काय. मला वाटलं तिचं तोंड उतरेल. तिनं त्या रिकाम्या पानाकडे पाहिलं. म्हणाली, "म्हणजे हे सगळं लोक अजून करतात? घरात? मला वाटत होतं हे संपलं, मी कागदातून उकरून काढतेय."

"दर वर्षी," मी म्हटलं. "आणि मीठ तुझ्याहून जास्त घालतात."

बाबांना आमच्या बोलण्यात रस नव्हता. "तुका घोव आसा मगो?"

"नवरा आहे का विचारतायत," मी म्हटलं.

"हो काका, आहे. बेंगळुरूला असतो."

"बेस. बस." आणि आत येऊन आपल्या समोरची खुर्ची दाखवली. "सवाशीण बसल्याबगर हांव जेवचों ना."

बसली रे ती! पाहुणे तसेच सोडून, कोटावर पीठ, तशीच. काटा-चमचा उचलायला गेली तर बाबा म्हणाले, "गार्फ दवर. हातान जेव." इतके महिने ती हे जेवण चमच्याच्या टोकानं चाखत होती. हातानं भात कालवून खाल्ल्यावर म्हणाली, "वेगळं लागतं." बाबा म्हणाले, "लागतलेंच." तिला त्यांनी सगळं विचारलं. गाव कुठलं, बाप काय करतो, नवरा इतका लांब का, तो वेळेवर जेवतो का. एकच विचारलं नाही, जात कुठली. ज्या एका प्रश्नापायी आपल्या घराचं दार तुम्हा दोघांना बंद झालं, तो प्रश्न त्यांना त्या टेबलावर आठवलासुद्धा नाही. मी वाट पाहत होते. तीन घास झाले, खीर संपली, नाहीच.

हात धुताना म्हणाले, "बरें जालें जेवण. पूण वत्सलेन मिरची मागली आसती."

आता दुसरं कारण सांगते. यादी हातात आली त्या दिवशीच मी ठरवलं होतं की हे जेवण त्यांच्यासमोर ठेवायचं. घरात ज्या दिवसाबद्दल ते तोंड उघडत नव्हते, तो दिवस वाढून समोर ठेवला तर बोलतील, इतकंच गणित होतं. सेजलला बसवतील हे गणितात नव्हतं. ते त्यांचं त्यांनी केलं.

परतीच्या वाटेवर, म्हापशाच्या स्टँडवरून गाडी जाताना बाबा म्हणाले: "वास्कोची गाडी हांगासून मेळटा अजून?"

"पणजीला बदलावी लागते."

पुढे थोडं अंतर गेलं. "तिका लिही."

"सुदेशला लिहू?"

"ताका कित्याक? तो सवाशीण?"

तेव्हा स्पष्ट कळवते की तुला बोलावलेलं नाही. आमंत्रण प्राजक्ताला आहे. सोबतचं दुसरं पाकीट तिचं, ते उघडू नकोस. पंधरा तारखेला नवमी.

ताई


डिचोली
७ सप्टेंबर २०२५

सौ. प्राजक्ता हिस,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायचं ते त्याच्या नावानं लिहिलं, कारण तू वाचतेस हे मला माहीत होतं आणि तो वाचतो याची खात्री नव्हती.

बाबांचे शब्द जसेच्या तसे: "नवमीक जेवूक यो म्हण. वत्सलेच्या पानार." त्यात 'कृपया' नाही, 'झालं गेलं' नाही. मी घालू शकले असते, पण मग ते माझं आमंत्रण झालं असतं.

तू नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही, आणि त्यांनाही देऊ देणार नाही. एकदा दारातून परत गेलेल्या बाईनं पुन्हा त्याच पायरीशी यावं असं सांगायचा अधिकार कुणाला नसतो. फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते. त्या दिवशी तू आईसाठी आबोलीची वेणी आणली होतीस. जाताना पायरीवर ठेवून गेलीस. तुम्ही वळणाआड गेल्यावर बाबा बाहेर आले, वेणी उचलली, आणि आईच्या फोटोला घातली. सुकली तरी बरेच दिवस काढू दिली नाही. हे त्यांनी तुझ्यासाठी केलं असं मी म्हणत नाही. आईला आबोली आवडायची. पण टाकली नाही.

यायचं असेल तर दुपारच्या आत ये. यायचं नसेल तर काही कळवू नकोस, मी पान मांडून ठेवीन आणि संध्याकाळी गाईला घालीन.

तुझी
भाग्यलक्ष्मी


डिचोली
१६ सप्टेंबर २०२५

चिरंजीव सुदेश,

तुला बोलावलं नव्हतं आणि तू आला नाहीस. इतका आज्ञाधारक तू लहानपणी असतास तर माझं बालपण सुखात गेलं असतं.

प्राजक्ता आली. काल सकाळी भटजी येऊन बसले होते, बाबा दारापुढच्या बाल्कांवावर फेऱ्या घालत होते. "वारें खातां," म्हणाले. वारं नव्हतं. फाटकाशी ती दिसली तेव्हा ते आत गेले आणि उगाच देवघरातली समई पुसू लागले. ती पायरीशी थांबली. मी हात पुढे केला. तेवढ्यात आतून आवाज आला, "पाय धुवूंक उदक दी गो तिका." म्हणजे पाहिलं होतं.

बसनं आले, म्हणाली. हातात हेल्मेट होतं. हेल्मेट घालून कदंबच्या बसमध्ये बसणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली, पण पाहुणीला असं विचारू नये.

वडे सुविधावहिनीनं तळले, मागच्या दारानं येऊन. ती इतकी वर्षं बसत आली त्या पानाकडे पाहत होती, मी तिच्याकडे. मग ती स्वतःच उठली, पाट सरळ केला, प्राजक्ताला म्हणाली, "हांगा बस बाय. खीर पयली खा, नाजाल्यार निवता." चार्ज दिल्यासारखं. आणि पदरानं हात पुसत चुलीकडे गेली.

पान वाढलं. प्राजक्तानं हात जोडले, पण जेवायला सुरुवात करीना. मला वाटलं, भरून आलंय. तसं नव्हतं. ती पानात काहीतरी शोधत होती.

"बाबा," ती म्हणाली. हाक मारली तिनं, बरं का, पहिल्यांदा. "आईंच्या पानावर मिरची नाही?"

"म्हाळाक मिरची चलना."

"माझ्याकडे जेवायच्या तेव्हा आधी मिरची मागायच्या. मोडून मिठाला लावायच्या. मिरची दिली नाही तर पानावर बसायच्याच नाहीत."

बाबांच्या हातात तूप वाढायची पळी होती. ती तशीच राहिली. तूप ओघळून पाटावर पडलं.

"केन्ना?"

ती माझ्याकडे पाहू लागली. मी छताकडे.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायच्या तेव्हा," ती हळू म्हणाली.

भटजींनी घसा साफ केला आणि पुन्हा तसाच ठेवला. मग बाबा म्हणाले, "म्हणजे दोळे बरे आशिल्ले तिचे."

"हो. चांगले होते."

"मागीर बरें," ते म्हणाले. पळी खाली ठेवली आणि काठी घेऊन मागच्या दारानं परसात गेले. मी मागे जायला निघाले तर सुविधावहिनीनं माझा हात धरला. दारातून दिसत होतं. वाकायला त्रास होतो त्यांना, तरी वाकले. एक खुडली, टाकली. दुसरी पाहिली. तिसरी घेऊन आले, धोतराला पुसली, आणि आईच्या पानावर, मिठाच्या बाजूला, ठेवली.

भटजी म्हणाले, "बाबुराव, शास्त्रात ह्याक..." आणि संस्कृतवाली म्हणून माझ्याकडे पाहिलं.

सुदेश, मी एवढी वर्षं जे शिकले आणि शिकवलं, त्याचा कुणाला नेमका काय उपयोग झाला ते मला कधी सांगता आलं नव्हतं. काल झाला. मी म्हटलं, "शास्त्रात मिरचीला मनाई नाही, भटजी. ज्यांनी शास्त्र लिहिलं त्यांनी मिरची पाहिलीच नव्हती."

भटजी हसले, आणि पुढचा मंत्र सुरू केला.

प्राजक्तानं मिरची मोडली, मिठाला लावली, आणि आईसारखी आधी तीच खाल्ली. त्या झाडाची मिरची किती जळजळीत असते ते तिला माहीत नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पाणी पी म्हटलं तरी पिईना, जेवतच राहिली.

शेवटी सवाष्णीला नमस्कार. रीतच आहे ती. त्या दिवशी जी पानावर बसेल ती वत्सला, तिला घरच्या थोरल्यानंही वाकायचं. बाबा वाकले. जमिनीला हात टेकवला, आणि वर यायला वेळ लागला. खाली असतानाच म्हणाले, "वत्सला, चुकलें म्हजें."

नाव आईचं होतं, नमस्कार प्राजक्ताला होता. प्राजक्तानं त्यांचा खांदा धरून त्यांना उठवलं. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे असं म्हणायची सोय होती, ती आम्ही चौघांनीही वापरली. मिरची फक्त तिनं खाल्ली होती.

ओटी भरली. आईची ती मोरपंखी साडी, जी मला कधीच दिली नाही, ती दिली. मला राग आला असं लिहिणार होते, पण खोटं होईल.

ती निघताना बाबा बाल्कांवावरच्या हेल्मेटाकडे पाहत होते. मला म्हणाले, "दोन डबे भर." एक तिला, वाटेत लागेल म्हणून. दुसऱ्यात वडे, खीर, अळू असं सगळं घालायला लावलं, आणि मी झाकण लावणार तेवढ्यात वरून एक मिरची ठेवली.

"ही कुणाला?"

"स्टँडार कोण उपाशी बसलेलो आसत, ताका दी म्हण."

तर तुझं गुपित असं किती वेळ टिकलं ते पाहा. सकाळपासून डिचोलीच्या स्टँडवर मोटारसायकलीला टेकून उभा राहिलास, आपल्याच गावात, घराच्या हाकेच्या अंतरावर. चहा तरी घेतलास का? प्राजक्तानं रात्री पोचल्याचा फोन केला. म्हणाली, तू डबा तिथेच उघडलास, मिरची चावलीस आणि मग घाईनं हेल्मेट चढवलंस. तिखट लागलं असेल.

एक राहिलं. घरात प्लास्टिकचे डबे ढिगानं होते, तरी बाबांनी मला स्टुलावर चढवून वरच्या फळीवरचा स्टीलचा काढायला लावला. झाकणावर आईचं नाव कोरलेलं आहे ना, तो. तुझ्याकडे आहे तो तोच. तो परत यायला हवा. पोस्टानं नको. कुणाबरोबर धाडून नको. आणि रिकामा डबा परत करायची आपल्याकडे पद्धत नाही, हे तुला आईनं शिकवलेलं आहे.

काय भरून आणायचं ते तू ठरव. मिरची चालते.

तुझी
ताई